झाकणाची बादली

स्नेहलला, माझ्या भावजयीला, नितीनच्या बायकोला, मंगळवारी दवाखान्यातून घरी आणलं आणि आईच्या घरात पुन्हा एकदा ओव्याचा धूर झाला. दिघ्यात आमच्या गल्लीला वासांची काही कमी नाही. रबाळ्याच्या बाजूने वारा आला तर औषधासारखा उग्र, दुपारी कुणाकडे तरी भाजलेलं सुकट, संध्याकाळी गटार. पण लोखंडी घमेल्यातल्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा तडतडल्या की बाकीचे सगळे वास गपगुमान मागे सरतात. दारात चपला काढता काढता तो वास नाकात गेला आणि माझं ओटीपोट आपोआप आवळलं. पंधरा वर्षं झाली. माझी प्रज्ञा आता नववीत आहे, उंचीने माझ्या वर गेली आहे. पोटाला मात्र सगळं अजून आठवतं.

थंडीही तीच. आमच्याकडची थंडी म्हणजे धड चार आठवड्यांचा कारभार. खाडीत फ्लेमिंगो उतरतात, सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बायका डोक्याला स्कार्फ गुंडाळतात, पंखा एकावर येतो आणि लोक एकमेकांना "काय गारठा हाय" असं कौतुकाने सांगतात. गावाकडून आलेला माणूस हसेल अशी ती थंडी. पण मी तिला हसत नाही. त्याच चार आठवड्यांत मी आई झाले आणि त्याच चार आठवड्यांत मी जाता जाता राहिले. म्हणून डिंक फुलवल्याचा वास आला की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात, आनंदाची आणि भीतीची. त्यांना वेगळं करायचा प्रयत्न मी कधीच सोडून दिला आहे.

बाळंतपणाबद्दल बोलायला आमच्याकडे सगळे एका पायावर तयार असतात. नॉर्मल झाली की सिझर, वजन किती, नाक कुणाचं, दूध उतरलं का, घुटी कधी द्यायची. विहारात रविवारी जमणाऱ्या बायकांनी तर माझ्या सातव्या महिन्यातच पोटाचा आकार बघून आपसात निकाल लावून टाकला होता. एवढ्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट कुणीच काढली नाही. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या अंगावरून पुढे महिनाभर, कधी सव्वा-दीड महिना जात राहतं, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, मूल झालं की झालं, दुकान बंद. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेवरून उठले आणि भसकन पायावरून गेलं, तेव्हा मी घाबरून नर्सबाईंना हाक मारली. त्या शेजारच्या खाटेपासून न हलता म्हणाल्या, "पडून पडून साचलेलं असतं ते. उठलं की येतं. कोणी सांगितलं नाही का घरी?"

नाही सांगितलं. आता मात्र मी सगळ्यांना सांगते. जिच्या घरी पाळणा हलणार तिला गाठून सांगते, मग ती लाजो की बिथरो. पहिले तीन-चार दिवस पाळीपेक्षा जास्त जातं, लालभडक. बोराएवढ्या गाठी पडल्या तर घाबरू नकोस. बाळाला छातीशी घेतलंस की पोटात कळ येईल आणि खाली ओल जाणवेल. ती पिशवी आवळतेय, मूळच्या मापाला यायला निघालीय, चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या खेपेला ही कळ जास्त येते, ओठ चावावे लागतात. मग रंग उतरत जातो, गुलाबी होतो, तपकिरी होतो, दहा-बारा दिवसांनी पिवळट पांढरा. मधेच एखाद दिवशी पुन्हा लाल दिसलं तर समज, अंग म्हणतंय आज जरा जास्त राबलीस. आडवी हो. पण तासाभरात पॅड चिंब भरलं, लिंबाएवढी गाठ पडली, घाण वास यायला लागला, ताप आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कुणाला विचारत बसू नकोस, रिक्षा बोलाव. हे सगळं मी एका दमात सांगते. बायका म्हणतात, सुमन फार बोलते. बोलते.

माझी ही सवय रबाळ्याची. लग्नाच्या आधीपासून मी तिथल्या एका छोट्या कारखान्यात रबराच्या रिंगा तपासते. बांगडीएवढ्या, अंगठीएवढ्या, करंगळीच्या नखाएवढ्या. ट्यूबलाइटखाली एकेक रिंग बोटावर फिरवायची, कुठे चीर, कुठे बुडबुडा, कुठे जास्तीचं रबर चिकटलेलं, बघायचं. चांगली या खोक्यात, खराब त्या खोक्यात, आणि दर तासाला कागदावर लिहायचं की किती खराब निघाल्या. दिवसाला दहा खराब निघाल्या तर कुणी विचारत नाही. एकाच तासात दहा निघाल्या तर मशीन थांबवतात, कारण आत काहीतरी बिघडलेलं असतं. आमचे सुपरवायझर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "जी रिंग डोळ्याखालून गेली नाही तिच्यापुढे टिक मारायची नाही." मी आजतागायत मारलेली नाही.

आणि तीच मी, माझ्या स्वतःच्या अंगाच्या बाबतीत, अकरा दिवस न बघता टिक मारत होते. कारण आईने बघू दिलं नाही.

आईने माझं बाळंतपण केलं ते असं केलं की राणीचं काय करतील. पहाटे उठून नाचणीची भाकरी, कुळथाचं कढण, बकऱ्याच्या पायांचं सूप, अळीवाची खीर. मालिश तीच करायची, दुसरी बाई लावली नाही. टाके दुखतात म्हणून खाली बसायला तिने जुन्या लुगड्याची मऊ चुंबळ वळून दिली. डोक्यावर हंडा घ्यायला वळतात तशी, पण मोठी. मी त्या चुंबळीवर बसून प्रज्ञाला पाजायचे आणि आई समोर बसून दोघींकडे आळीपाळीने बघायची. चौथ्या दिवशी मला कारण नसताना रडू फुटलं. कढणात मीठ कमी होतं म्हणून मी हुंदके देऊन रडले. आईने मीठ आणलं नाही, काही विचारलं नाही, नुसतं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रड. दूध उतरताना रडू येतंच." तिला किती गोष्टी ठाऊक होत्या.

दवाखान्यातून मिळालेले पॅड दोन दिवसांत संपले. मग आईने तिच्या सुती साड्यांच्या घड्या काढल्या. आठ महिने साठवून, उकळून, उन्हात कडक वाळवून ठेवलेल्या. मला त्या घड्या बदलायच्या म्हटलं की ती पडदा ओढायची, आपल्याच हाताने घडी काढून घ्यायची, मला दिसायच्या आत दुमडायची आणि मोरीत ठेवलेल्या बादलीत टाकायची. रंगाच्या डब्याची वीस लिटरची पांढरी बादली, घट्ट झाकणाची. कुठल्या तरी कारखान्यातून बाबांनी आणलेली. तिच्यावर झाकण बसलं की "टप" असा आवाज व्हायचा. दुसऱ्या दिवशी गल्ली जागी व्हायच्या आत ती घड्या धुऊन, पत्र्यावर दुसऱ्या कपड्यांच्या खाली वाळत घालून मोकळी. कुणाच्या नजरेला काही पडायचं नाही. माझ्यासुद्धा.

"बाळंतिणीनं आपलं आपण बघायचं नसतं," ती म्हणायची. "मन खचतं."

मला ते तेव्हा आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. घाण कुणीतरी दुसऱ्याने उचलावी, आपल्याला दिसूही नये, हे कुणाला नको असतं? बाहेर कोवळं ऊन, आत शेगडीची ऊब, अंगाला तेलाचा वास, मांडीवर मुलगी. मी निवांत होते. एकेक घडी बदलताना ओझरता रंग दिसायचा. तो लालचा गुलाबी, गुलाबीचा तपकिरी होत गेलेला मला कळत होतं. पण दिवसाच्या किती झाल्या, हे बादलीला माहीत आणि आईला माहीत.

नवव्या दिवशी आई डिंक आणायला ठाण्याला गेली होती आणि नळाला पाणी वेळेआधी आलं. आमच्याकडे पाणी तासभर यायचं, तेही धारेला जोर नाही. चुकलं की दिवसभर शेजाऱ्यांच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं. मी चुंबळीवरून उठले आणि दोन हंडे, चार कळश्या भरल्या. उचलून आत ठेवल्या. मला फार बरं वाटलं, की बघा, नऊ दिवसांत मी उभी राहिले. त्या दुपारी तपकिरीचं पुन्हा लाल झालं.

आईला सांगितलं. तिने आधी पाण्यावरून माझी खरडपट्टी काढली. मग घडी दुमडत म्हणाली, "जाऊ दे, खराब रगत हाय. अंग साफ व्हतंय. अडून राहिलं तर वाईट." दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी सकाळपासून ती सारखी पडदा ओढत होती. झाकणाचा टप आवाज सारखा येत होता. मी प्रज्ञाला पाजत होते आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला दोन दिसायला लागलं. हाताची बोटं गार पडली होती. कानात बारीक शिट्टी. आणि कुठेतरी लांब, रबाळ्याच्या त्या ट्यूबलाइटखाली बसलेली दुसरी सुमन मला विचारत होती, या तासात किती?

"आई, बादली दाखव," मी म्हणाले.

"कशाला? काय बघायचं हाय त्यात?"

"किती झाल्या ते बघायचंय."

"मोजत नसतात असलं काही. पड गप."

मी मुलीला खाली ठेवलं, भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले आणि झाकण उचललं. आई माझा हात धरत होती. तिचा हात थरथरत होता, तो रागाने असेल असं मला वाटलं. सकाळपासून आठ. आठच्या आठ चिंब. त्यातल्या एकीवर लिंबापेक्षा मोठी गाठ. दुपारचे बारा वाजायचे होते. मी झाकण परत लावलं आणि म्हणाले, "मशीन थांबवायचं. रिक्षा बोलाव."

मी आजही त्या वाक्यावर खूश आहे. डोकं ठिकाणावर होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला: किती कपडे, किती तासांत? मी सांगितलं, सहा वाजल्यापासून आठ, पूर्ण भरलेले, शेवटचे तीन एका तासाच्या आत, एक मोठी गाठ, दोन दिवसांपूर्वी रंग तपकिरीवरून पुन्हा लाल. बाई लिहिता लिहिता थांबल्या. "एवढं नीट कोणी सांगत नाही हो. 'खूप जातंय' एवढंच सांगतात." बाळामागून पडणाऱ्या वारेचा छोटा तुकडा आत राहून गेला होता. राहू शकतो, असं त्या म्हणाल्या. कुणाची चूक असतेच असं नाही. तो असेपर्यंत पिशवीला नीट आवळता येत नाही आणि रक्त थांबत नाही. साफ केलं, रक्ताची बाटली चढवली. आणखी दोन-तीन तास घरी काढले असते तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी पुढे कित्येक वर्षं मनात पूर्ण करत राहिले.

त्या सगळ्या वेळात आई बाहेरच्या बाकावर प्रज्ञाला घेऊन बसली होती. माझी शुद्ध नीट आल्यावर ती आत आली, मुलीला माझ्या कुशीत ठेवलं आणि खाटेच्या पायाशी उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. चुकलं म्हणाली नाही, बरं झालं वेळेवर आलो म्हणाली नाही. घरी आल्यावर पुन्हा सूप, पुन्हा कढण, पुन्हा मालिश. बादली मात्र दिसेनाशी झाली होती.

मला आईचा राग आला होता. हे सरळ लिहिते, कारण मी ते कुणापाशी बोलले नाही. माझ्या मनात एकच होतं: सकाळपासून तिने आठ वेळा ते स्वतःच्या हाताने दुमडलं, तिला दिसत होतं, आणि ती गप्प बसली. ज्या बाईला माझ्या रडण्याचं कारण न सांगता कळलं तिला हे कळू नये? सणाला, हळदीला, बाबांच्या आजारपणात आम्ही एकत्र होतो, हसलो, भांडलो, पण त्या अकराव्या दिवसाचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. घरात याआधीही असाच एक विषय होता. आईची धाकटी बहीण, विमलमावशी, गावी बाळंतपणात गेली, एवढं एकच वाक्य आम्हाला माहीत होतं. त्याच्या मागेपुढे काही नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता. माझ्या बाळंतपणाचंही तसंच एक वाक्य झालं: सुमनला तेव्हा जरा त्रास झाला होता.

तर मंगळवारी मी चपला काढून आत आले, स्नेहलच्या खाटेशी बसले, बाळाचं नाक कुणाचं ते ठरवलं, आणि पाणी प्यायला मोरीकडे गेले. तिथे ती बादली होती. तीच. झाकणाच्या कडेला बाबांनी खिळ्याने पाडलेला ओरखडा मी ओळखला.

ही स्नेहलची दुसरी खेप, म्हणून सासरी. ती ऐरोलीच्या एका ऑफिसात कम्प्युटरवर काम करते, पॅड वापरते, सगळं इंटरनेटवर वाचते. पण तीसुद्धा वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मान खाली घालून सासूच्या हातात देत होती आणि आई ते बादलीत टाकून टप करून झाकण लावत होती. उद्या सकाळी घंटागाडी आली की बादली रिकामी. माझा पारा चढला. मी बॅगेतून कारखान्याचा कोरा कागद काढला, रेघा मारल्या. वेळ, किती भरलं, रंग, गाठ. आणि कपाटाच्या दाराला चिकटवायला गेले.

"दारावर लावतेस?" आई म्हणाली. "पावणे येतात, नितीन येतो. लाज हाय का नाय?"

"दाराच्या आतून लावते. उघडलं तरच दिसेल."

"ताई, मी मोबाइलमध्ये लिहीन ना," स्नेहल खाटेवरून म्हणाली. "टेन्शन नका घेऊ."

"तू लिहिशील. पण चक्कर आली तर तुझा मोबाइल कोण बघणार? ज्या हातात पॅड जातं त्या हाताने लिहायचं." मी आईकडे न बघता पेन्सिल दोऱ्याने कपाटाला बांधली. "बादलीत टाकायच्या आधी उघडून बघायचं आणि लिहायचं. कुणी मन खचवून घेऊ नका."

हे शेवटचं वाक्य लागावं म्हणूनच मी बोलले होते. आई उठून घमेल्यात ओवा टाकायला गेली. घरी जाताना मला वाटलं, कागद उद्या निघालेला असेल.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला, डबा खायच्या सुट्टीत, फोन वाजला. आई मला कामावर कधी फोन करत नाही. माझ्या हातातला घास खाली आला.

"सुमे, लिहून घे," ती म्हणाली. "सकाळपासून एक आख्खी भाकरी, दोन अर्ध्या, एक चतकोर. रंग लाल. गाठ एक, बोराएवढी. कळा हायत, पाजताना. ताप न्हाय."

मी चक्रावले. मग कळलं. आई तिसरीपर्यंत शिकलेली. माझे 'पूर्ण', 'अर्धे', 'कमी' हे शब्द तिने बाजूला सारले होते आणि आपलं माप काढलं होतं. संध्याकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले आणि कपाट उघडलं. कागदावर पेन्सिलीने काढलेल्या भाकऱ्या होत्या. गोल, अर्ध्या गोल, चतकोर, एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे घड्याळ बघून नीट घातलेले तासांचे आकडे. माझ्या कारखान्यातल्या नव्या मुली इतका स्वच्छ कागद लिहीत नाहीत.

त्यानंतर रोज साडेबाराला फोन. माझ्या टेबलावरच्या बायका कान देऊन ऐकायच्या. एक जण म्हणाली, "सुमन, घरी खानावळ काढली का गं? रोज भाकऱ्यांचा हिशोब चाललेला असतो." मी सांगितलं कसल्या भाकऱ्या ते. डबे तसेच ठेवून प्रत्येकीने आपापलं सुरू केलं. कुणाला दोन महिने गेलं होतं आणि तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कुणाला चौथ्या दिवशी ताप होता आणि सासूने काढा पाजला होता. कुणी टाके उसवले तरी सातव्या दिवशी धुणं धुतलं होतं. बारा बायका, अठरा-वीस बाळंतपणं, आणि हे बोलणं पहिल्यांदा. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा निम्म्या डब्यांत भाजी तशीच होती.

बाळंतपणाच्या सहाव्या दिवशी आईचा फोन साडेबाराच्या आधीच आला, सव्वाअकराला.

"रंग पयला विटकरी झालता, आता परत लाल. तासात अर्धी भाकरी. मी तिला आडवी केलीय, मोठ्या पोरीला शेजारी धाडलीय. सकाळी तिनं अंथरुणं झाडली, मला न विचारता. अजून एक तास बघते. आख्खी भरली तर रिक्षा बोलावते, तू थेट दवाखान्यात ये."

तिच्या आवाजात भीती नव्हती. काय बघायचं, किती वेळ बघायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी घड्याळ समोर ठेवून रिंगा तपासत राहिले. सव्वाबाराला फोन. चतकोर. सव्वाएकला, चतकोराहून कमी, रंग उतरतोय. मी खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून दोन मिनिटं तशीच बसले. कारखान्यात कामाच्या वेळेत मी असं कधी केलेलं नाही.

काल रविवार. स्नेहल बाळाला घेऊन उन्हात बसली होती, आईने वळून दिलेल्या चुंबळीवर. मोठी तिच्या पाठीवर लोंबकळत होती. गालावर रंग आला होता तिच्या. आई आणि मी आत लाडू वळत होतो. कपाट उघडं होतं आणि कागदावर खाली खाली चतकोर लहान होत गेलेले दिसत होते. मी सहज म्हणाले, "छान लिहिलंस गं आई."

ती लाडू वळत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या टायमाला माझे हात कापत हुते. तुला वाटलं असंल, मला काय वाटलंच न्हाय."

मी कपाटावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"विमलचे कपडे मीच धूत हुते. गावच्या व्हाळावर, वाहत्या पाण्यात. मी पंधराची, ती चौदाची. तिला सासरहून आणलं हुतं बाळंतपणाला. आमच्या आत्यानं सांगितलं, कुणाला दाखवायचं न्हाय, कुणाला बोलायचं न्हाय, अंग साफ व्हतंय. मी गुपचूप नेत हुते, गुपचूप आणत हुते. ती गेली. मग तुझ्या टायमाला तसंच सुरू झालं आणि माझं तोंडच उघडंना. वाटलं, बोलले तर खरं व्हईल. झाकण लावलं तर व्हणार न्हाय." तिने हातातला लाडू ताटात ठेवला. तो फुटला. "तू झाकण उघडलंस. मी उघडलं नसतं, सुमे. म्हणून त्या दिवशी दवाखान्यात माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाय."

पंधरा वर्षांचा माझा राग, इतका जपलेला, तिथे डिंकाच्या वासात कुठल्या कुठे गेला. मी तिला जवळ घेतलं नाही. आमच्यात तसं करत नाहीत आणि हात तुपाने भरले होते. मला रडू येत होतं. चौदा वर्षांची मावशी आणि व्हाळावर वाकलेली पंधरा वर्षांची आई, दोन्ही माझ्या प्रज्ञाच्या वयाच्या पोरी. मला एकच प्रश्न सुचला. आयुष्यभर मी तोच विचारत आलेय, त्या डॉक्टरबाईंनी मला विचारला होता तो.

"शेवटच्या दिवशी किती होते गं?"

आईने वर बघितलं. पन्नासएक वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आठवायला तिला क्षणभरही लागला नाही.

"अकरा," ती म्हणाली. "दुपारपातुर अकरा."